आकाश न पाहता उत्तीर्ण

काही वर्षांपूर्वी मी दूरशिक्षणाने खगोलशास्त्राचा एक प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. टपालाने चार पुस्तिका आल्या, संगणकावर पाहायची काही व्याख्याने होती, दोन स्वाध्याय लिहून पाठवले आणि शेवटी एका महाविद्यालयातल्या बाकावर बसून वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा दिली. शुक्राला चंद्रासारख्या कला का दिसतात, हा त्या परीक्षेतला एक प्रश्न होता आणि त्याचा पर्याय मी अचूक निवडला. पेपर संपवून आम्ही चार-पाच परीक्षार्थी एसटीच्या थांब्यावर उभे होतो. तिन्हीसांज झाली होती. टपरीवाल्याने चहा देता देता पश्चिमेकडे बोट दाखवून विचारले, "ती एवढी मोठी चांदणी कसली हो?" एकाने गुरू म्हटले, दुसऱ्याने विमान असेल म्हटले आणि मी गप्प राहिलो. तो शुक्र होता, हे मला दुसऱ्या दिवशी पंचांग चाळल्यावर कळले. अभ्यासक्रमात मला उत्तम श्रेणी मिळाली.

हा दोष माझा आहेच, पण एकट्या माझा नाही. ज्या विषयाची प्रयोगशाळा प्रत्येक विद्यार्थ्याच्या कौलांवर आणि गच्चीवर आयती पसरलेली आहे, तो विषय आपण पुस्तिका आणि चित्रफितींच्या भरवशावर शिकवतो आणि चारांतला एक पर्याय निवडायला लावून त्याची परीक्षा घेतो. रसायनशास्त्र दूरस्थ पद्धतीने शिकवायचे तर प्रयोगशाळा कोठून आणायची, ही अडचण खरी असते. वैद्यक तर तसे शिकवताच येत नाही. प्राथमिक खगोलशास्त्राला ही अडचण नाहीच. माझे म्हणणे त्याहून एक पाऊल पुढचे आहे : हा विषय एका वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा राज्यभर विखुरलेल्या विद्यार्थ्यांना अधिक चांगला शिकवता येतो, आणि म्हणून मुक्त विद्यापीठांनी तो मराठीतून, निरीक्षण सक्तीचे करून आणि निदान निम्मे गुण निरीक्षणवहीवर ठेवून शिकवायला हवा. निरीक्षण वगळून तो शिकवायचाच असेल, तर त्याला विज्ञानाचा अभ्यासक्रम म्हणू नये, वाचनाचा म्हणावे. वाचनातही काही वावगे नाही. फक्त प्रमाणपत्रावर तसे लिहावे.

महाविद्यालये दिवसा भरतात आणि तारे रात्री दिसतात, ही पहिली आणि उघड गोष्ट झाली. दुसरी तितकीशी उघड नाही. एका महाविद्यालयातल्या साठ विद्यार्थ्यांनी एकाच अंगणात काठी रोवून सावली मोजली, तर साठ वेळा एकच उत्तर मिळते. फार तर सरासरी थोडी अधिक अचूक येते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले, तेव्हा 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद त्याने घेतले, आणि आज त्याचे विद्यार्थी सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत पसरलेले आहेत. प्रशासनाच्या दृष्टीने हे विखुरलेपण म्हणजे डोकेदुखी आहे. पुस्तके वेळेवर पोचवायची, परीक्षाकेंद्रे नेमायची, संपर्कसत्राला माणसे गोळा करायची, या सगळ्याची ती कटकट आहे. खगोलशास्त्राच्या दृष्टीने मात्र हेच विखुरलेपण मोजमापाचे साधन आहे, कारण पृथ्वीचा घेर मोजायचा असो की चंद्राचे अंतर, मोजायला दोन ठिकाणे आणि दोन माणसे लागतात.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा घेर काढला तो याच युक्तीने. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी इजिप्तमधल्या सायनी येथे सूर्य माथ्यावर येतो आणि अलेक्झांड्रियात त्याच वेळी सावली पडते, एवढ्या दोन नोंदी आणि दोन गावांमधले अंतर त्याला पुरले. आपल्याकडे तेच काम २१ मार्चच्या सुमारास, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी असतात त्या विषुवदिनी, करता येते. त्या दिवशी एक मीटर उंचीच्या सरळ काठीची मध्यान्हीची सावली सावंतवाडीला सुमारे २८ सेंटिमीटर पडेल आणि जळगावला सुमारे ३८. दोन्ही विद्यार्थ्यांनी काठी ओळंब्याने उभी केली, जमीन सपाट असल्याची खात्री केली आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपले, म्हणजे सर्वांत आखूड सावली हाती येते. आलेखाच्या कागदावर काठी आणि सावली प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजायचा. त्रिकोणमिती विसरलेल्यालाही हे जमते. दोन कोनांतला फरक सुमारे ५.१ अंश येतो. नकाशावर दोन्ही गावांमधले उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ५६५ किलोमीटर भरते. ३६० अंशांना किती किलोमीटर, हे त्रैराशिक दहावीच्या मुलालाही सुटेल आणि उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळपास येईल. सावली मोजण्यात अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर पाच-सात टक्क्यांनी हुकेल. ते हुकावेच. मोजमापात चूक कोठून शिरते आणि ती किती धरायची, हे विज्ञानातले पहिले शिक्षण आहे आणि पुस्तिकेतल्या ४०,००० या तयार आकड्याने ते कधीच होत नाही.

याच सावलीतून आणखी एक गोष्ट निघते. सर्वांत आखूड सावली घड्याळात किती वाजता पडली, ही वेळ मुंबईत सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास येते आणि गोंदियाला १२ वाजून ९ मिनिटांच्या आसपास. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि मुंबई त्याच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला, हे वाक्य शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असते. पण आपल्या अंगणातली दुपार घड्याळातल्या बारा वाजण्याशी जुळत नाही, हे पाहून चकित झालेली माणसे मी पाहिली आहेत. मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडली नव्हती. त्या हट्टामागे राजकारण होते, तसे हे खगोलशास्त्रही होते. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य थेट माथ्यावर आल्याने काठीची सावलीच पडत नाही तो दिवस, राज्यातून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. सावंतवाडीला तो पहिल्या आठवड्यात येतो, पुण्याला १३-१४ तारखेला आणि नागपूरला २६ च्या सुमारास. एकाच तुकडीचे विद्यार्थी आपापल्या गावातली तारीख नोंदवत गेले, तर सूर्याचे उत्तरेकडे सरकणे त्यांच्याच वह्यांतून नकाशावर उमटते. कोणत्याही एका महाविद्यालयाच्या एका वर्गाला हे साधणार नाही.

चंद्राच्या अंतराचा प्रयोग थोडा अवघड आहे, पण अशक्य नाही. चंद्र रोहिणीच्या किंवा कृत्तिकांच्या अगदी जवळून जात असेल अशा रात्री मुंबई आणि नागपूर येथून एकाच मिनिटाला काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवली, तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्र थोडा सरकलेला दिसतो. हा पराशय चंद्रबिंबाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका भरतो, आणि त्यावरून ३,८४,००० किलोमीटरच्या अंतराचा अंदाज बांधता येतो. नुसत्या मोबाइलने हे होणार नाही, कॅमेऱ्याला लांब पल्ल्याचे भिंग लागेल. म्हणून हा प्रयोग प्रत्येकाने नव्हे, विभागीय केंद्रांनी करावा. मुक्त विद्यापीठाची अशी केंद्रे मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, अमरावती आणि नागपूर येथे आहेत. ही आठ नावे नकाशावर मांडून पाहिली, तर जणू याच कामासाठी ती निवडल्यासारखी वाटतात.

आता एक शंका लगेच पुढे येईल आणि ती रास्त आहे : वह्या उतरवल्या जातील. पदवीच्या वर्गातली विज्ञानाची 'जर्नले' कशी पूर्ण होतात हे आपणा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि दूरशिक्षणात तर देखरेखही नाही. पण खगोलाच्या नोंदींना एक गुण आहे, तो लंबकाच्या किंवा भिंगाच्या प्रयोगाला नाही. नोंद ठिकाणाशी आणि वेळेशी बांधलेली असते. कोल्हापूरच्या मावसभावाची वही नागपुरात उतरवली, तर विषुवदिनी ३९ सेंटिमीटरच्या जागी ३० सेंटिमीटर सावली लिहिली जाईल आणि तपासनिसाला ती पाहताक्षणी कळेल. अष्टमीच्या चंद्राचे स्थान नवमीच्या तारखेखाली लिहिले, तर चंद्र १३ अंशांनी चुकलेला असेल. संगणकावरच्या स्टेलॅरियमसारख्या मोफत तारांगणातून आकडे काढून खोटी वही कोणी बनवील, हे खरे. मात्र ती वही संशयास्पदरीत्या अचूक असेल, कारण खऱ्या माणसाच्या खऱ्या काठीची सावली कधी अर्धा सेंटिमीटर पुढे तर कधी मागे असते आणि मध्ये दोन दिवस ढग आलेले असतात. आणि समजा एखाद्याने तारांगणातले आकडे घेऊन त्यांत खऱ्यासारख्या वाटणाऱ्या चुकाही विचारपूर्वक मिसळल्या, तर एवढी यातायात करताना तो विषय शिकला असे मी समजेन. दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत त्याच्याच वहीतले पान उघडून 'हा आकडा असा का?' असे विचारले की उरलेले काम होते.

मराठी घरात या अभ्यासाची निम्मी तयारी भिंतीवर टांगलेली असते, याचा विचार अभ्यासक्रम आखणारे फारसा करीत नाहीत. दिनदर्शिकेतली तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढायला लागणारा काळ. नक्षत्र म्हणजे चंद्राच्या मार्गाचा २७ वा भाग. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते, तेव्हा काल रोहिणीपाशी असलेला चंद्र आज एक मूठ आणि वर एक-दोन बोटे पुढे दिसला पाहिजे. संकष्टीला उपास सोडण्यासाठी चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या बाईला चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो हे पुस्तिकेतून शिकवावे लागत नाही. ती ते वर्षानुवर्षे पाहत आलेली असते, फक्त त्याचे कारण तिला कोणी सांगितलेले नसते. दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात, आणि मुंबई व नागपूर यांच्या वेळांत फरक का, हा स्वाध्यायातला उत्तम प्रश्न आहे. मुक्त विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांमध्ये लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया पुष्कळ असतात. त्यांच्या हाती आधीपासून असलेल्या या निरीक्षणांपासून पाठ सुरू झाला, तर विषय परका वाटणार नाही.

मकरसंक्रांतीचे उदाहरण याहून मोलाचे आहे. संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते, असे घरोघरी मानतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत एकाच जागी उभे राहून सूर्य क्षितिजावर कोणत्या झाडामागून, कोणत्या टेकडीच्या कुशीतून उगवतो हे आठवड्यातून दोनदा रेखाटले, तर विद्यार्थ्याला स्वतःच दिसते की सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला आहे आणि १४ जानेवारीपर्यंत तो सूर्यबिंबाच्या चार-साडेचार पट उत्तरेला सरकलेलाही आहे. मग प्रश्न पडतो की २३-२४ दिवसांचा हा फरक आला कोठून. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे संपातबिंदू, म्हणजे विषुवदिनी सूर्य ताऱ्यांमध्ये जेथे असतो ती जागा, सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, आणि ज्या काळी संक्रांत आणि उत्तरायण एकत्र होते तो काळ सतराशे वर्षांहूनही मागे पडला. या डुलण्याची 'परांचन' ही संज्ञा पुस्तिकेत वाचून विद्यार्थी ती परीक्षेपुरती लक्षात ठेवतो. स्वतः काढलेल्या क्षितिजाच्या चित्रातून ती उमगली की तो ती विसरत नाही, आणि परंपरेने सांगितलेली गोष्ट तपासून पाहता येते, तीही कोणाचा अपमान न करता, हेही त्याला कळते.

दूरशिक्षण आणि आकाश यांचा संबंध आपल्याकडे वेगळ्याच वाटेने जुळलेला आहे. २०२१ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने ज्योतिष या विषयात दूरस्थ एम.ए. सुरू केले आणि देशातल्या अनेक वैज्ञानिकांनी त्याला आक्षेप घेतला. त्याच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या पदवीत खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी हा ऐच्छिक विषयही होता, हे न्यायाने सांगायला हवे. पण तो पदवीच्या भौतिकशास्त्रापर्यंत पोचलेल्या मूठभरांसाठी. गणित-विज्ञान सोडून दिलेल्या सामान्य माणसाला आकाशाविषयी कुतूहल वाटले आणि त्याने घरबसल्या शिकायचे ठरवले, तर पत्रिका मांडायला शिकवणारे वर्ग त्याला गल्लोगल्ली सापडतात. ज्योतिषाचा अभ्यासक्रम बंद करा, अशी मागणी करणाऱ्यांशी माझा वाद नाही. पण नुसत्या मागणीने रिकामी जागा भरत नाही. कुतूहल असलेल्या माणसाला दुसरे दार उघडे हवे, आणि ते त्याच्या भाषेत आणि त्याच्या फीत हवे.

या पद्धतीचा दाखला हवा असेल तर तो ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचा आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या आणि १९७१ पासून विद्यार्थी घेणाऱ्या त्या विद्यापीठाने विज्ञान पत्राने शिकवता येणार नाही, ही टीका पहिल्या दिवसापासून ऐकली. त्यांनी उत्तर म्हणून प्रयोगाचे साहित्य खोक्यात भरून टपालाने घरी पाठवले. त्या खोक्यात एक चिमुकला प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शकही असे, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रयोग करून लोक पदवीधर झाले. १९६७ मध्ये पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा तारा, ज्यांच्या नजरेने टिपला त्या जोसेलिन बेल बर्नेल यांनी पुढे १९७३ पासून बरीच वर्षे याच विद्यापीठात मार्गदर्शक म्हणून काम केले आणि नंतर त्या तेथे भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकही झाल्या. आज त्या विद्यापीठाच्या कॅनरी बेटांतल्या टेनेरीफवरच्या दुर्बिणी विद्यार्थी घरून चालवतात. आपल्याकडे या उदाहरणातली शेवटची पायरी लोकांना फार आवडते आणि पहिली कोणी पाहत नाही. दूरस्थ दुर्बीण हवीच असेल तर ती नंतर घ्यावी. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी सप्तर्षी ध्रुवाभोवती फिरताना पाहिलेले नाहीत, त्याला पडद्यावर कॅनरी बेटांवरून आलेला तेजोमेघ आणि इंटरनेटवरचे कोणतेही देखणे चित्र यांत फरक कळणार नाही. मी हे जरा कडकपणे म्हणतो आहे, याची मला जाणीव आहे. पण माझ्या पुस्तिकांत हबल दुर्बिणीची रंगीत चित्रे भरपूर होती आणि शुक्र मला ओळखता आला नव्हता.

शहरात आकाश दिसतच नाही, हा आक्षेप अर्धा खरा आहे. मुंबईतून चंद्र, ग्रह आणि काही डझन ठळक तारे दिसतात. व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय, अभिजित, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा हे त्यांतच येतात. सावलीचे सारे प्रयोग दिवसाचे आहेत आणि रस्त्यावरच्या दिव्यांनी सावली पुसली जात नाही. पण मला या आक्षेपातली उलटी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. शिक्षणातली प्रत्येक सोय शहरात आधी पोचते आणि गावात उरलीसुरली. ग्रंथालय, प्रयोगशाळा, चांगले शिक्षक, वेगवान इंटरनेट, सगळ्याची हीच गत आहे. गडचिरोलीच्या किंवा धडगावच्या विद्यार्थ्याकडे मुंबईच्या विद्यार्थ्याहून चांगली प्रयोगशाळा असेल असा दुसरा विषय मला सांगता येत नाही. तेथून अमावास्येच्या रात्री दोनेक हजार तारे दिसतात, आकाशगंगेचा पट्टा दिसतो आणि शर्मिष्ठेच्या खालच्या अंगाला देवयानीतली २५ लाख प्रकाशवर्षे दूरची दीर्घिका नुसत्या डोळ्यांना पुसट डागासारखी दिसते. पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला २०२४ च्या जानेवारीत देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ती या अंधारामुळेच. हा अंधार आपण मागासलेपणात मोजत आलो. निदान एका अभ्यासक्रमात तरी तो जमेच्या बाजूला लिहावा. रात्री एकटीने बाहेर पडण्याची अडचण खरी आहे, म्हणून सक्तीची निरीक्षणे गच्चीवरून, अंगणातून आणि रात्री नऊच्या आत होतील अशीच असावीत. संधिप्रकाशातला चंद्र आणि ग्रह त्याला पुरेसे आहेत.

वेळापत्रकाची अडचण मात्र आपणच उभी केलेली आहे. प्रवेश जून-जुलैत, पुस्तिका ऑगस्टपर्यंत, आणि पहिले सत्र दिवाळीला संपणार. म्हणजे ज्या चार महिन्यांत महाराष्ट्राचे आकाश ढगांनी झाकलेले असते, नेमक्या त्याच चार महिन्यांत आकाशाचा पाठ. हा अभ्यासक्रम ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होऊन मेअखेर संपावा. त्यात मृग नक्षत्र पूर्वेला उगवण्यापासून पश्चिमेला मावळेपर्यंतचा सारा प्रवास येतो, उत्तरायणाचा आरंभ येतो, विषुवदिन येतो, आणि शेवटी शून्य सावलीचा दिवस येतो. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला हे वेगळे वेळापत्रक जड जाईल. शेतकऱ्याने पेरणी परीक्षा विभागाला विचारून करायची नसते, एवढेच त्यावर म्हणता येईल.

भाषेबद्दल वेगळे फार सांगायला नको. क्रांतिवृत्त, विषुवांश, युती, पिधान, अधिक्रमण, दीर्घिका, तेजोमेघ, श्वेत बटू या संज्ञा मराठीत रुळलेल्या आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८० च्या दशकापासून आकाशदर्शन घडवीत आले आहे, आणि जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञाने आयुष्यभर मराठीतून लिहिले. शब्द आहेत, सांगणारे आहेत. त्यांना श्रेयांकांची (क्रेडिटची) जोड नाही. ती आता देता येते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार कला-वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही आपल्या शाखेबाहेरचे विषय घ्यावे लागतात, आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांतून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय पूर्ण करता येतात. चार श्रेयांकांचा, म्हणजे सुमारे १२० अभ्यासतासांचा मराठी खगोल अभ्यासक्रम यात सहज बसतो, आणि त्यातले निम्मे तास काठी, ओळंबा, कोनमापक आणि वही यांच्याबरोबर जावेत.

खरी अडचण वह्या वाचणाऱ्यांची आहे, आणि तिला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. वस्तुनिष्ठ प्रश्न यंत्र तपासते. निरीक्षणवही माणसाला वाचावी लागते, तीही विषय कळणाऱ्या माणसाला, आणि सत्रातून निदान तीनदा, कारण सावली चुकीच्या पद्धतीने मोजणाऱ्याला ते मार्चमध्येच कळले पाहिजे, निकालात नव्हे. हौशी खगोलमंडळांतले अनुभवी लोक हे काम करू शकतील. वांगणीसारख्या ठिकाणी रात्ररात्र जागून अनोळखी माणसांना आकाश दाखवणारे कितीतरी लोक त्यांत आहेत. मात्र त्यांच्या हौसेवर विद्यापीठाने फुकट भागवू नये. वहीमागे मानधन द्यावे आणि ते वेळेवर द्यावे. एका मार्गदर्शकाकडे तीसपेक्षा जास्त वह्या नकोत. दहा मार्गदर्शक मिळाले तर पहिल्या वर्षी तीनशे प्रवेश, वीस मिळाले तर सहाशे. त्यापुढच्या अर्जांना पुढच्या वर्षी या म्हणून सांगावे लागेल. नोंदणीच्या आकड्यांवर ज्यांचे अंदाजपत्रक आणि प्रतिष्ठा दोन्ही उभी आहेत, त्या संस्थांना हे 'पुढच्या वर्षी या' म्हणणे काठी रोवण्यापेक्षा कितीतरी अवघड जाईल, आणि माझ्या मते हा अभ्यासक्रम अडलाच तर तो येथेच अडेल.